हिचा ब्रेक जरा खालीच लागतो

जुनी गाडी दुसऱ्याच्या हातात देताना मालक किल्लीबरोबर एखादं वाक्यही देतो. "हिचा ब्रेक जरा खालीच लागतो, पण सवय होते." कधी "थोडी डावीकडे ओढते" असतं, कधी "सकाळी आवाज करते, मग आपोआप थांबतो". सांगणारा खोटं बोलत नसतो. रोज तीच गाडी चालवून त्याच्या पायाला ते अंगवळणी पडलेलं असतं आणि बिघाड हा त्याला गाडीचा स्वभाव वाटायला लागतो. ब्रेक 'अचानक' गेल्याच्या ज्या हकिकती मी जवळून पाहिल्या-ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या आधी असं एखादं वाक्य त्या घरात बरेच महिने वावरत होतं.

पॅड एका दिवसात झिजत नाहीत. ते रोज कणभर झिजतात, आणि आपला पाय रोज कणभर जास्त दाबतो. त्यामुळे ब्रेक बिघडल्याचं सगळ्यात उशिरा कुणाला कळत असेल तर ते रोज चालवणाऱ्याला. म्हणून माझा पहिला सल्ला गॅरेजमध्ये जाण्याचा नाहीच. दोन-तीन महिन्यांतून एकदा आपली गाडी दुसऱ्या कुणाला गावात फिरवून आणायला द्या, आणि आल्यावर त्याला विचारा, ब्रेक कसा वाटला? तो जे पहिलं वाक्य बोलेल ते ऐका. त्यावर "हो, ती अशीच आहे" असं उत्तर तुमच्या तोंडून निघालं, तर दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठा.

हे मला भाच्याच्या गाडीने शिकवलं. मी चिपळूणची. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे, पण गाडी चालवायचा नाद काही सुटलेला नाही. भाच्याने २०२२ साली एक जुनी छोटी गाडी घेतली. मिळाली स्वस्तात, त्यामुळे स्वारी खूश. आमच्याकडे त्या काळात स्वस्तात मिळालेली गाडी म्हटली की जुनी माणसं एकच प्रश्न विचारायची: २२ जुलै २०२१ ला ही कुठे उभी होती? त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. रस्त्यावरच्या, सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या, अगदी दुरुस्तीला आलेल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या होत्या. विकणाऱ्याने सांगितलं, "आमची उंचावर होती." भाच्याने मानलं. इंजिन छान, एसी गार, सीट कव्हर कोरी. आठ-नऊ वर्षं जुन्या गाडीची सीट कव्हर कोरी का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." बँकेतल्या माणसाला दिसतेच.

पुढच्या वर्षी कराडला एका साखरपुड्याला गेलो होतो. परतताना पाटण सोडल्यावर भाच्याच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. कोयनानगरला चहा घेतला आणि स्टिअरिंग मी घेतलं. तेव्हा किल्ली देताना तो बोलला ते वाक्य म्हणजेच वर लिहिलेलं पहिलं.

कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधीच्या सपाट रस्त्यावरच मला ते पेडल नकोसं झालं. चांगल्या गाडीत पेडल थोडंसं दाबलं की ब्रेक धरल्याचं पायाला कळतं. इथे निम्म्याहून खाली जाईपर्यंत काहीच होत नव्हतं. सोडून लगेच पुन्हा दाबलं की दुसऱ्यांदा तेच पेडल वर लागायचं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दाबात खाली आणि दुसऱ्या दाबात वर, याचा अर्थ मागच्या ड्रममधले लायनर ड्रमपासून लांब राहिलेत, नाहीतर नळीत हवा शिरली आहे. दुसऱ्यांदा पेडल वर येऊन टणक लागलं तर बहुधा पहिलं, आणि वर येऊनही स्पंजासारखं दबत राहिलं तर बहुधा हवा. दोन्ही गोष्टींना सवय हा उपाय नाही. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. खोल पेडल शोधण्यात अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच दोन गाड्यांच्या लांबीएवढा रस्ता संपलेला असतो.

घाटात मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरते. पुढे माल भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागे आमची गाडी. जळका वास यायला लागला तो मला ट्रकचाच वाटला. घाटात कुणाच्या ना कुणाच्या लायनरचा वास असतोच. ट्रक एका रुंद जागी बाजूला थांबला, आम्ही पुढे आलो, तरी वास मागे राहिना. दोन वळणांनंतर पाय पेडलवर ठेवला आणि पेडल विरोध न करता खाली गेलं. भराभर दाबत राहिले तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दाबाला थोडी पकड आली. तेवढ्यात पहिला गिअर टाकला, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू वर ओढला, आणि डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा दिसली तिथे गाडी कडेच्या चरात घातली. वेग कमी होता म्हणून हे सगळं जमलं. हीच गाडी चौथ्या गिअरमध्ये असती तर हा लेख मी लिहीत नसते.

चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता, बाकीची चाकं नुसती गरम. भाचा पाण्याची बाटली घेऊन त्या चाकाकडे धावला, त्याला मी अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, तडकूही शकते. चाक आपलं आपण निवू द्यायचं.

पाऊण तासाने त्याने पेडल दाबून पाहिलं. एकदम टणक! "बघ आत्या, आला ब्रेक. चल, हळूहळू जाऊ." या हकिकतीतली सगळ्यात धोक्याची जागा पेडल खाली गेलं ती नाही. तो पाऊण तासानंतरचा टणक ब्रेक आहे. पुष्कळ लोक इथून पुढे निघतात, खालच्या दोन वळणांपर्यंत सगळं ठीक असतं, आणि तिसऱ्या वळणावर पेडल पुन्हा खाली जातं. मी आमच्या गॅरेजच्या मेस्त्रींना फोन केला आणि गाडी उचलूनच खाली नेली. भाचा रात्रभर माझ्याशी नीट बोलला नाही, ते चालतं.

पेडल गेलं कसं आणि परत आलं कसं, हे एकदा समजून घेतलं की बाकीच्या खुणा आपोआप कळतात. आपण पेडल दाबतो तो जोर चाकापर्यंत एक द्रव नेतो. त्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतं, आणि त्याला हवेतली वाफ शोषून घ्यायची खोड असते. झाकणाच्या बारीक भोकातून, रबरी नळ्यांमधून दमट हवेतलं पाणी त्यात हळूहळू मुरतं. आमच्या कोकणात तर चार महिने हवाच ओली. आता आकडे बघा. डबीवर डॉट ३ लिहिलेलं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. एवढंसं पाणी, पण पासष्ट ते पंच्याहत्तर अंशांचा फरक पाडतं.

आणि घाटात उष्णता किती तयार होते? अकराशे किलोची गाडी चारशे मीटर खाली आली तर जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात तेरा-चौदा लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे आंघोळीची बादली जवळपास भरून कढत पाणी. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला थोडा वाटा उचलतो. उरलेली एकतर इंजिनाने घ्यायची, नाहीतर चार चाकांतल्या ब्रेकांनी. त्यातलं एक चाक आधीपासूनच घासत असेल, तर तिथलं ऑइल उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. आपण पेडल दाबतो, बुडबुडे दबतात, आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गाडी निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल टणक होतं, आणि भाच्यासारख्या माणसाला वाटतं, आला ब्रेक.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी चारही चाकं उघडली तेव्हा मी खुर्ची टाकून बसले होते. हा माझा जुना शिरस्ता आहे आणि तुम्हीही पाळा. काढलेला भाग आपल्या डोळ्यांनी बघायचा, जमल्यास घरी न्यायचा.

पुढच्या डाव्या चाकात बाहेरून दिसणारा पॅड चांगला जाड होता. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला कुणीतरी चाकाच्या फटीतून तोच बघून 'ब्रेक ओके' लिहिलं होतं. आतल्या बाजूचा पॅड मात्र संपून नुसती लोखंडी पट्टी राहिली होती. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक पिन गंजून घट्ट बसलेली. त्यामुळे कॅलिपर एकाच बाजूने दाबत होता आणि पाय काढला तरी पुरता सुटत नव्हता. कराडहून निघाल्यापासून ते चाक घासतच आलं होतं. मागे ड्रम काढला तर लायनर आपोआप जवळ आणणारा ॲडजस्टर गंजून जाम, म्हणून पेडल खाली. एका व्हील सिलिंडरच्या रबरातून ऑइल झिरपत होतं, आणि ड्रममागच्या प्लेटच्या कोपऱ्यात पिवळसर वाळलेला गाळ. मेस्त्रींनी तो बोटाने उकरला, माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाले, "ताई, ही उंचावर नव्हती."

ऑइल काढलं ते काळपट तपकिरी. नवं ऑइल जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ, फार तर फिकट पिवळं असतं. रंगावरून पाणी किती मुरलं हे नेमकं कळत नाही. ते मोजायचं छोटं यंत्र चांगल्या गॅरेजमध्ये असतं. पण काळं ऑइल म्हणजे ते कुणी वर्षानुवर्षं बदललं नाही, एवढं नक्की. बहुतेक गाड्यांना ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. खर्च किरकोळ आहे. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी, गाडीवर जीव टाकणारी माणसंही याबाबत ढिम्म असतात, कारण हे न बदलल्याने गाडी काही कुरकुरत नाही.

या ऑइलबद्दल आणखी एक गोष्ट, आणि इथे माझं अनेक मेस्त्र्यांशी वाजलेलं आहे. पॅड झिजत जातात तसं टाकीतलं ऑइल हळूहळू खाली जातं, कारण ते चाकाकडे सरकलेलं असतं. म्हणजे पातळी खाली जाणं ही एक बातमी आहे: एकतर पॅड संपत आलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. फुकट तपासणीच्या नावाखाली बॉनेट उघडून 'टॉप-अप केलंय मॅडम' म्हणणारा पोरगा ती बातमीच पुसून टाकतो. पातळी खाली दिसली तर आधी पॅड बघा, मग चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघा, आणि मगच भरा. भरायचं ते झाकणावर लिहिलेल्या डॉटचंच. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं तेल चुकूनही नको, त्याने आतली रबरं फुगून सगळी ब्रेक यंत्रणा बाद होते. डॅशबोर्डवर गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला, तर तो याच टाकीबद्दल बोलत असतो. वळणावर लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, असं झालं तरी तो खराच आहे. ऑइल हिंदकळून पातळी दाखवणारा तरंगता तुकडा खाली जातो, म्हणून तसं होतं.

आता आवाज. लोक आवाजाला घाबरतात आणि पेडलकडे दुर्लक्ष करतात, माझ्या मते हे उलटं आहे. तरी दोन आवाज ओळखायलाच हवेत. बारीक, कानात घुसणारा 'चिर्र' आवाज बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेला असतो. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. काही गाड्यांत हा आवाज नुसतं चालताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो. मग मालक म्हणतो, ब्रेक दाबला की थांबतो म्हणजे ब्रेक चांगला. नाही, ती जीभ तेवढ्यापुरती दाबली जाते, इतकंच. स्वस्तातल्या पॅडना पुष्कळदा ही जीभच नसते, तेव्हा आवाज आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरा आवाज खरखरीत, 'घर्र' असा, पायालाही जाणवणारा. तो आला म्हणजे पॅडवरचा घासणारा मसाला संपला आणि लोखंडावर लोखंड घासतंय. इथपर्यंत गेलात तर पॅडबरोबर डिस्कचेही पैसे जातात. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना होणारी खरखर मात्र सोडून द्या. रात्रभरात डिस्कवर आलेला तांबूस गंज पुसला जातो, त्याचा तो आवाज. घराच्या कोपऱ्यापर्यंत तो थांबायला हवा.

नव्या पॅडचा मसाला साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तीनवर आला की बदलायचा. "अजून पाच हजार किलोमीटर आरामात चालतील" असं म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या रस्त्यावर? सोलापूर रोडवर कदाचित चालतील. कुंभार्लीत, आंबोलीत, वरंध्यात तो हिशेब लागू नाही. आणि बघायचा तो आतला पॅड, चाक काढून. डिस्कची किमान जाडी बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा बसवून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

गाडी ओढते की नाही हे पाहायला मोकळा, सपाट रस्ता हवा आणि मागे कुणी नको. तीस-चाळीसच्या वेगात स्टिअरिंगवर हात हलका ठेवून ब्रेक दाबा. आधी टायरमधली हवा सारखी आहे ना ते तपासा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ब्रेक न दाबताच गाडी एका बाजूला रेटत असेल, मायलेज घटलं असेल, तर त्या बाजूचं चाक घासत असण्याची शक्यता मोठी. त्याची सोपी परीक्षा आहे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून उतरलात की हात प्रत्येक चाकाच्या मधोमध जवळ न्या. लावू नका, नुसता जवळ. एक चाक इतरांपेक्षा जास्त धग मारत असेल तर तेच गुन्हेगार. ही सवय भाच्याला असती तर घाटाचा प्रसंग आलाच नसता.

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढची डिस्क एकसारखी राहिलेली नाही. पण करकचून ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली टकटक करत उसळलं तर तो बिघाड नव्हे, ते एबीएसचं काम. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे, तरी त्या उसळीला दचकून पाय काढणारे मी पाहिलेत. पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा.

पेडल खाली जाणं जसं वाईट, तसंच ते दगडासारखं घट्ट होणंही वाईट. आपल्या पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. तो बिघडला की गाडी थांबवायला पाय दुप्पट-तिप्पट जोराने द्यावा लागतो. तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक. जागचं हललं नाही तर गॅरेज.

यातूनच उतारावर इंजिन बंद करण्याचा वेडेपणा किती महागात पडतो ते कळेल. बंद इंजिनावर दोन-तीन दाबांपुरती मदत शिल्लक असते, मग पेडल दगड होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवणूक जाते आणि ती सगळी बादलीभर उष्णता ब्रेकांच्या गळ्यात पडते. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हे वारंवार घडलंय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने पुढच्या कितीतरी गाड्या चेपल्या. पोलिसांच्या प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं होतं. मोटारवाले हे वाचून ट्रकवाल्यांना नावं ठेवतात आणि आंबा घाटात स्वतः न्यूट्रल टाकतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं छोट्या गाडीलाही लागू आहे. ऑटोमॅटिकवाल्यांनीही उतारावर नुसतं डी वर ठेवून ब्रेकवर पाय घालून बसू नये, एल किंवा हाताने गिअर बदलायची सोय त्यासाठीच दिलेली असते.

एका बाबतीत मात्र ट्रक आणि एसटीवाल्यांचं ऐकू नका. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात, पुन्हा पुन्हा दाबले तर टाकीतली हवा संपते, म्हणून ते दाबादाबी टाळायला सांगतात. आपल्या मोटारीत पेडल खाली गेलं तर उलट भराभर दाबायचं असतं, त्याने थोडा दाब परत येतो. ब्रेकचे मार्गही दोन असतात, एक गेला तरी दुसरा कमी जोराने का होईना धरतो. त्यात भर गिअरची, एकेक करत खाली. हँडब्रेक बटण दाबून, बेताबेताने, झटक्यात ओढला तर मागची चाकं अडकून गाडी फिरते. आणि हे हाताशी असायला हँडब्रेक चालता हवा. पूर्वी पाच-सहा खटक्यांत धरणारा हँडब्रेक दहा-बारा खटके घ्यायला लागला असेल तर तीही मागच्या लायनरची चिठ्ठी समजा.

गणपतीच्या आधी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सोसायटीत दोन-तीन महिने पावसात उभी असलेली गाडी थेट कोकणाच्या रस्त्याला लावली जाते. कशेडीला बोगदा झाला, तरी भोस्ते आणि परशुराम आहेतच, आणि घरची वाट तर बहुतेकांची घाटीचीच. उभ्या गाडीचे ब्रेक चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडतात: पिना गंजतात, लायनर ड्रमला चिकटतात. निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठ दिवस आधी चाकं उघडून घ्या. गावी पोचल्यावर गाडी बरेच दिवस लावायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. साठलेल्या पाण्यातून गाडी काढलीत तर पुढे थोडं अंतर पेडलवर पाय हलका ठेवून चालवा, ड्रममधलं पाणी उडून जातं.

दुरुस्तीनंतरचं थोडं. पॅड नेहमी जोडीने बदलायचे, डावा-उजवा दोन्ही. नवे पॅड बसल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबून घ्या. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला दाब पोकळ जातो, आणि गॅरेजच्या दारातच भिंतीला धडकलेली गाडी मी पाहिली आहे. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा, मसाला डिस्कवर बसायला तेवढा वेळ लागतो. भाच्याच्या गाडीचं सगळं काम झालं तेव्हा त्याची पहिली तक्रार होती की ब्रेक फार 'शार्प' झालाय, डोकं पुढे जातं. आठवड्याभराने पायाला कळलं.

जुनी गाडी घेणार असाल, त्यातून पूर आलेल्या गावातली, तर इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, धुणारा माणूस तिथवर क्वचितच पोचतो आणि चिखलाची रेघ तशीच सापडते. स्टेपनीच्या खळग्यात आणि कार्पेटखाली हात घाला. ब्रेक ऑइलच्या टाकीचा तळ टॉर्चने बघा. आपल्या मेस्त्रींना सोबत न्या आणि पैसे देण्याआधी मागचा एक ड्रम आणि पुढचं एक चाक काढून दाखवा म्हणा. अर्ध्या तासाचं काम आहे. विकणारा त्यालाही तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.